आजोच्या पोत्याचे झाड: इपोह ते मुलू

आमच्या आजोळी, दोडामार्गाच्या पलीकडे, माळ्यावर एक पोते होते. त्यात तागाचा धागा नव्हता, कुठे शिवण नव्हती, आणि बुडाला लाकडाची चकती होती, अंगच्याच वाढीची. हात फिरवला की जाड घोंगडीसारखे लागे. पणजोबांनी ते चांदकुड्याच्या फांदीचे केले होते. पोते हवे तेवढ्या लांबी-जाडीची फांदी तोडायची, भिजवायची, दांडक्याने चहूबाजूंनी बडवायची. साल लाकडापासून सुटली की पायमोजा काढावा तशी उलटी करत खाली ओढायची. शेवटी बुडाला थोडे लाकूड ठेवून बाकीचे कापून टाकायचे. झाले पोते. आजो त्यात बियाण्याचे भात ठेवायचा. देवराईतल्या चांदकुड्याजवळ मात्र आम्हाला फिरकू देत नसे. "चीक डोळ्यांत गेलो तर आंधळो होतलंस," हे माझ्या धाकट्या भावाला, कारण दिसेल त्या झाडावर चढायची खोड त्याची.

पुढे मी जीवशास्त्राची शिक्षिका झाले, तेव्हा कळले की आजोच्या पोत्याचे झाड म्हणजे अँटिआरिस टॉक्सिकारिया, जावा बेटावरचा कुप्रसिद्ध 'उपास' वृक्ष. मलायात त्याला 'इपोह' म्हणतात. बोर्निओत त्याच्या चिकाने बाण विषारी करतात. आपल्याकडे भात भरायचे आणि तिकडे माकडे मारायची, हे डोक्यात बसले ते बसलेच. भाऊ क्वालालंपूरला नोकरीला गेला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो याच झाडाचा. तो म्हणाला, "ताई, लोक ट्विन टॉवर विचारतात गं."

पहिला दिवस: इपोह

भाऊबीज क्वालालंपूरला झाली. ओवाळणीच्या तबकात त्याने पाकिटाऐवजी तिकिटांची प्रिंट ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इपोहच्या गाडीत होतो. विजेवरची ईटीएस गाडी, अडीचेक तासांचा प्रवास. एसी असा की मी साडीवरून भावाचे जाकीट चढवले. शाल बरोबर ठेवाच.

इपोहचे स्टेशन पांढरेशुभ्र आणि घुमटांचे आहे. १९१७ साली ते पूर्ण झाले, आराखडा हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाचा. गावातले लोक त्याला कौतुकाने ताजमहाल म्हणतात. सगळे पाहुणे स्टेशनाकडे तोंड करून फोटो काढत होते. आम्ही दोघेच पाठ करून उभे होतो, कारण समोरच्या बागेत ते झाड आहे. शहराचे नाव ज्याच्यावरून पडले ते.

हे म्हणजे आपल्याकडे एखाद्या गावाचे नाव 'बचनाग बुद्रुक' असावे तसे. पण झाडाच्या अंगावर विषाची कसलीच खूण नाही. सरळ, फिकट राखाडी खोड, वर पानांचा भरगच्च डोलारा. खाली एक पान पडले होते. उचलून अंगठ्याने चोळले. खरखरीत, देठाकडे दोन्ही बाजू किंचित असमान. आजोळच्या देवराईत पायाखाली असायचे तेच. लहान रोपांची पाने कडेने दातेरी असतात. चांदकुड्याला काही भागांत 'करवत' म्हणतात ते त्यावरूनच असावे, असा माझा तर्क. भाऊ दोन हात लांब उभा होता. चाळिशी उलटली तरी आजोचा धाक गेला नव्हता.

जुन्या गावात एका चिनी कॉफीच्या दुकानात बसलो. इपोहची 'व्हाइट कॉफी' पांढरी नसते. बिया मार्गारिन घालून भाजतात आणि वर आटवलेले गोड दूध घालतात, म्हणून रंग फिका येतो. चव आपल्या खरवसाच्या आसपास कुठेतरी. गल्ल्यावरच्या आजोबांना भावाने मलय भाषेत सांगितले की माझी बहीण ते झाड बघायला भारतातून आली आहे. आजोबांनी मला नीट निरखले, बिलाच्या मागे चार चिनी अक्षरे काढली आणि बोटाने एकेक दाखवत अर्थ सांगितला: दिसणे, रक्त, बंद, घसा. रक्त दिसले की घसा बंद! चिनी भाषेत हेच त्या झाडाचे नाव. झाडाखाली कोणी बसते का, असे विचारले तर म्हणाले, "टॅक्सीवाले बसतात. सावली चांगली आहे."

हे वाक्य ज्यांना ऐकवायला हवे होते ते गृहस्थ दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे. १७८३ साली 'लंडन मॅगझिन'मध्ये फोर्श नावाच्या माणसाचा लेख आला. स्वतःला तो डच कंपनीचा शल्यवैद्य म्हणवत होता. त्याचे म्हणणे असे की जावात उपास नावाचे एक झाड आहे आणि त्याच्या वाफेने कित्येक मैलांच्या घेऱ्यात माणूस, जनावर, पाखरू काही जगत नाही. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना वाऱ्याची दिशा बघून विष आणायला धाडतात आणि त्यातले थोडेच परत येतात. निव्वळ थाप. पण युरोपने ती चवीने वाचली. चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, इरॅस्मस डार्विन यांनी, १७८९ साली ती कवितेत घातली. १८२८ मध्ये रशियन कवी पुश्किनने त्यावर कविता लिहिली, तीही गाजली. जावात ज्वालामुखींच्या भागात कार्बन डायऑक्साइड साचणारे काही खोलगट भाग आहेत. तिथे जनावरे गुदमरून मरतात. त्या मेलेल्या जनावरांचे पाप या झाडाच्या माथी आले. १८१० मध्ये लेशनोल या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने झाडाची नीट माहिती छापली तरी थाप काही मेली नाही.

संध्याकाळी बुनतोंग भागात गेलो. तिथे तमीळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या 'काचांग पुतेह' बनवतात, म्हणजे आपले फुटाणे, शेव, मसाला शेंगदाणे, मुरुक्कू. माझ्या पिशवीत घरची चकली होती. दुकानातल्या बाईंना दिली. त्यांनी मोडली, वास घेतला, भाजणीत काय काय असते ते विचारले आणि अर्धा किलो मुरुक्कू फुकट बांधून दिले. चकलीला मिळालेली एवढी मोठी पावती घरी कधी मिळाली नाही.

दुसरा दिवस: मिरी

परत क्वालालंपूर, तिथून विमानाने सारावाकमधल्या मिरीला. बोर्निओ बेटाच्या मलेशियन भागातले हे राज्य. मधल्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: भारतीयांना सध्या मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. निघण्यापूर्वी नियम एकदा तपासून घ्या. देशांतर्गत विमान असले तरी सारावाकमध्ये उतरताना पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो, कारण तिथली सीमा-तपासणी वेगळी आहे. तेव्हा पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून मोकळे होऊ नका. मी झाले होते.

दिवाळीची सुट्टी मलेशियाभर असते, फक्त सारावाकमध्ये नसते. मिरीत त्यामुळे दिवाळी कुठेच दिसली नाही. आम्ही हॉटेलच्या खोलीत एक पणती लावली आणि धुराचा अलार्म वाजेल म्हणून लगेच विझवली. जेवायला 'मिदिन' नावाची रानभाजी होती, नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब. लसणीवर परतलेले, दाताखाली करकर वाजणारे. पहिल्या पावसातल्या टाकळ्याची आठवण झाली. चव वेगळी, पण रानातून सकाळी खुडून आणल्याचा ताजेपणा तोच. मासे-कोळंबी न खाणाऱ्यांनी मागवताना 'बेलाचान नको' असे आवर्जून सांगावे, नाहीतर त्यात कोळंबीचा गोळा पडतो. आम्ही मालवणी, आम्ही तो जास्तच घालायला सांगितला.

तिसरा दिवस: मिरीच

पुढचा मुक्काम मुलूचे राष्ट्रीय उद्यान, पण तिथे रस्ता नाही. छोटे विमान, नाहीतर नदी. सकाळी सातला विमानतळावर पोहोचलो, दहापर्यंत बसलो, मग फळ्यावर 'रद्द' आले. मुलूवर ढग उतरले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, उद्या. नक्की? त्याने काचेबाहेर बघितले. आम्हीही बघितले. मुलूचा कार्यक्रम आखताना परतीला एक दिवस मोकळा ठेवावा हा सल्ला मी वाचला होता आणि मानला नव्हता.

पण त्या फुकट गेलेल्या दिवसानेच 'ताराप' खाऊ घातला. बाजारात एका बाईपुढे फणसासारखी, केसाळ, नारळाएवढी फळे होती. तिने नखाने साल सोडवली तर आत पांढरेशुभ्र गरे, द्राक्षाएवढे, देठाला घोसासारखे लटकलेले. बरक्या फणसापेक्षा मऊ, वास मात्र चार दुकाने पलीकडे जाईल असा. भावाने गरे मोजून खाल्ले, चौतीस.

"ताई, हाही फणसाच्याच घरातला?"

घरातलाच. फणस, विलायती फणस, ताराप, वड, पिंपळ, उंबर, तुती हे सगळे एकाच कुळातले. आणि चांदकुडाही. सगळ्यांना पांढरा चीक. फणसाच्या चिकाला आपण तेल लावून जिरवतो, उंबराचा चीक औषधाला वापरतो, आणि या एका चुलतभावाचा चीक हृदय बंद पाडतो. चांदकुड्याची फळे लालसर-जांभळी, मखमली, अंजिरासारखी असतात, पाखरे आणि वटवाघळे ती खातात. काजू-फणसाच्या भांडणात कोकणात भाऊबंदकी होते, पण इतकी टोकाची नाही.

चौथा दिवस: मुलू

विमान उडाले. अर्ध्या तासाचा प्रवास, खाली नुसते जंगल आणि चहाच्या रंगाच्या नद्या. काही ठिकाणी तेलताडाच्या सरळ रांगा, कंगवा फिरवल्यासारख्या. त्या दिसल्या की दोघेही गप्प झालो. सह्याद्रीत रबराखाली गेलेले डोंगर आम्ही पाहिलेले आहेत.

मुलू राष्ट्रीय उद्यान २००० सालापासून जागतिक वारसा आहे, ते तिथल्या गुहांमुळे. गुहांत वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. आमची वाटाडी पंचविशीतली मुलगी, आई पेनान, वडील बेरावान, दोन्ही इथल्याच आदिवासी जमाती. पायात रबरी बूट, खांद्याला वेताची पिशवी. दुपारी डिअर केव्हकडे निघालो. तीन किलोमीटरची लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना दलदल. हवा अशी की चष्म्यावर पाणी. अर्ध्या वाटेत मी तिला विचारले, इथे इपोह आहे का?

ती थांबली. "तुम्हाला 'ताजेम' म्हणायचंय?" पेनान भाषेत विषाला आणि झाडाला हाच शब्द.

थोडे पुढे वाटेच्या कडेला तिने बोट दाखवले. इपोहच्या बागेतले झाड यापुढे पोरच. बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटलेले, खोड वर कुठेतरी पानांत हरवलेले. छातीच्या उंचीवर तिरप्या जुन्या खाचा, एकाखाली एक, माशाच्या काट्यासारख्या, कडांनी भरून आलेल्या. एका खाचेखाली वाळलेल्या चिकाचा काळपट ओघळ होता. मी वाकून वास घेतला. काहीच नाही. ओल्या सालीचा वास.

"हात लावू नका," ती म्हणाली. मग माझ्या बोटांकडे बघून, "कापलेलं नाही ना कुठे?" नेमका तिसऱ्या बोटाला चकली तळताना भाजल्याचा फोड होता. मी हात मागे घेतला. भाऊ मागून म्हणाला, "आंधळो होतलंस."

या चिकात अँटिआरिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. हृदयाच्या पेशींत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो, त्यालाच ही द्रव्ये अडवतात. ठोके बिघडतात, मग हृदय थांबते. डिजिटॅलिस नावाचे हृदयरोगाचे जुने औषध याच जातीचे, फरक मात्रेचा. आणि यासाठी बोर्निओला यायची गरज नाही. आपल्या कुंपणावरची कण्हेर आणि मारुतीला वाहतो ती रुई, दोघींतही ह्याच गोत्रातली द्रव्ये आहेत. शनिवारी रुईची माळ ओवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते आणि ते दरवर्षी हात धुवायचे विसरतात.

शाबूत कातडीवरून हे विष सहजी आत जात नाही आणि पोटातूनही फार कमी शोषले जाते. रक्तात मिसळले की मात्र काम करते. म्हणून फुंकणीतून सोडलेल्या विषारी काडीने मारलेले माकड माणसे खाऊ शकतात. काडी घुसली तेवढा मांसाचा तुकडा कापून टाकतात.

झाड कोणाचे, असे मी विचारले. तिच्या आईकडच्यांत 'मोलोंग' म्हणून रीत आहे. रानातले झाड, वेत, साबुदाण्याच्या ताडाचे बेट एखाद्याला सापडले की तो खूण करून ठेवतो. मग ते त्याच्या देखरेखीखाली. आज हवे तेवढेच घ्यायचे, ओरबाडायचे नाही, पुढच्या फेरीला आणि पोराबाळांना राहिले पाहिजे. आमच्याकडे देवराईला देवाचा धाक लागतो. यांनी देवाला न बोलावता भागवले.

डिअर केव्हबद्दल सगळ्यांनी लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. आत अख्खे देऊळ गावजत्रेसकट मावेल. नाकाला रुमाल हवा, वटवाघळांच्या विष्ठेचे डोंगर आहेत. साडेपाचला बाहेर बाकांवर बसलो. पाऊस असेल तर वटवाघळे निघत नाहीत, आणि पाऊस भुरभुरत होता. पावणेसहाला थांबला. सहाला गुहेच्या तोंडातून धुराची एक दोरी निघाली, वळली, गाठ पडल्यासारखी झाली, सुटली. मग दुसरी. वीस-तीस लाख वटवाघळे इथे राहतात म्हणे. पंखांचा आवाज दूरच्या धबधब्यासारखा. शेजारची जर्मन बाई रडत होती. मीही, पण मी चष्मा पुसत असल्याचे दाखवले.

पाचवा दिवस: बातू बुंगान

सकाळी लांबट होडीतून मेलिनाउ नदीने वर निघालो. पाणी उथळ असले की नावाडी उतरून ढकलतो, भाऊही उतरला. वाटेत बातू बुंगान, पेनान वस्ती. पूर्वी हे लोक रानात फिरते होते, आता बहुतेक वस्त्या करून राहिले आहेत. ऐंशीच्या दशकात लाकूडतोडीविरुद्ध त्यांनी सारावाकमध्ये रस्ते अडवले होते, ते तेव्हा जगभर गाजले.

नदीकाठी छपराखाली बायका वेताच्या पिशव्या, मण्यांच्या माळा, बांगड्या मांडून बसतात. सकाळीच जावे, दुपारी आवराआवर होते. मुलूत रोख पैसे घेऊनच या, इथल्या बायकांपुढे कार्डाचा काही उपयोग नाही. घासाघीस करू नका. पिशवीची वीण हातात धरून बघा, मग करावीशी वाटणारही नाही.

एका कडेला साठी-सत्तरीचे आजोबा बसले होते, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, अंगात फुटबॉलचा टी-शर्ट. त्यांच्याशेजारी शिकारीची फुंकणी टेकवलेली. पाच रिंगिटला पाच फुंका, असा पाहुण्यांचा खेळ आहे. पण वाटाडीने माझ्या झाडाच्या वेडाबद्दल सांगितले तसे त्यांनी खेळाच्या काड्या बाजूला सारल्या आणि आतून स्वतःचा भाता आणला. पुढचा दीड तास होडीवाला आमच्यावर वैतागला.

पेनान भाषेत फुंकणी म्हणजे 'केलेपुत'. माझ्यापेक्षा हातभर उंच, काळपट कठीण लाकडाची. मला वाटत होते बांबूची पोकळ नळी असेल. तसे नाही. भरीव लाकडाचा ओंडका उभा बांधायचा, शेजारी माच करायचा, त्यावर उभे राहून लांब लोखंडी सळई वरून खाली आपटत भोक पाडत जायचे. मधूनमधून पाणी ओतायचे म्हणजे भुसा वर येतो. दिवसच्या दिवस जातात. भोक आरपार झाले की बाहेरून तासायचे आणि आतून वेत ओढून गुळगुळीत करायचे. पुढच्या टोकाला वेताने भाल्याचे पाते बांधतात, घायाळ रानडुक्कर अंगावर आले तर उपयोगी. त्या पात्याच्या वजनाने नळी पुढे वाकते, म्हणून भोक पाडतानाच उलटा किंचित बाक ठेवतात. पाते चढले की नळी सरळ! हे त्यांनी मला नळीतून आकाशाकडे बघायला लावून दाखवले. टोकाला रुपयाहून लहान, गोल, निळा तुकडा दिसला.

काडी म्हणजे अगदी माडाचा हीर, फक्त ताडाच्या जातीच्या झाडाचा. मागे भेंडाचे बोंड, नळीत नेमके बसेल असे छाटलेले. बाशिंगाला लागते तसेच हलके, मऊ. टोकापासून बोटभर भाग काळसर, काकवी वाळावी तसा चकाकणारा. ते ताजेम. चीक पानाच्या द्रोणात घेऊन मंद निखाऱ्यावर हळूहळू आटवतात, घाई केली तर बिघडतो. टोकाजवळ एक बारीक खाच होती. लागल्यावर माकड काडी उपटायला जाते, काडी खाचेशी मोडते, टोक आतच राहते. ती काडी मी बघितली, घेतली नाही. त्यांनीही दिली नसती.

बंदूक सोपी नाही का, असे भावाने विचारले. बंदूक आहे, ते म्हणाले. काडतुसाला पैसे पडतात. आणि बंदुकीने एक माकड मिळते, बाकीची पळतात. फुंकणीला आवाज नाही. शेजारचे पडले तरी दुसऱ्याला कळत नाही काय झाले.

मग बिनविषाची काडी घालून मला दिली. मी गाल फुगवून फुंकले, काडी नळीच्या तोंडातून सरपटून माझ्याच पायाशी पडली. बायका खिदळल्या. आजोबांनी पोटावर हात ठेवून दाखवले, फुंकर इथून. मला एकदम आजी आठवली, ओल्या लाकडांची चूल पेटवताना फुंकणीला तोंड लावून मारायची ती एकच आखूड, कडक फुंकर. तशी मारली. लक्ष्य म्हणून ठेवलेल्या फळीत खट्‌कन काडी रुतली. भावाच्या पाचही काड्या नदीत गेल्या. बायकांइतकेच माझेही समाधान झाले.

मी फराळाचा डबा उघडला. करंज्या आधी संपल्या, चकलीला मात्र आजोबा कानाला लावून मोडत होते, आवाज ऐकायला. त्यांनी विचारले, तुमच्या देशात ताजेम आहे का? आहे. मग काय मारता? मी म्हटले, काही नाही, पोते करतो. वाटाडीला ते कळेना. मी ओढणी मनगटाभोवती गुंडाळून, बडवून, उलटी करून, ओढून दाखवली. बुडाची चकती दाखवायला करंजीच्या डब्याचे झाकण कामी आले. आजोबा गंभीरपणे बघत होते. मग काहीतरी बोलले आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. वाटाडीने माझी भीड ठेवून भाषांतर केले: "ते म्हणतात, मग तुम्ही जेवता काय?"

"भात," मी म्हटले. पोत्यातला.

निघताना 'जियान केनिन' म्हटले. मन छान आहे, असा काहीसा अर्थ. आभाराच्या जागी हेच म्हणतात. पुढे क्लिअरवॉटर गुहा बघितली, दोनशे पायऱ्या चढून. आतली गुहांची साखळी २०० किलोमीटरहून जास्त लांब मोजली गेली आहे. बाहेरच्या डोहात पोहता येते, पाणी काळम्मावाडीच्या कालव्यासारखे गार. पण खरे सांगायचे तर माझे लक्ष फुंकणीतच होते.

सहावा दिवस: परत

हातभर लांबीची पाहुण्यांसाठीची फुंकणी मी विकत घेतली. ती मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात सुरक्षावाले सोडत नाहीत. काड्या तर मुळीच नाही. जळवांसाठी तंबाखू बांधलेली पुरचुंडी नेली होती, कोकणातला उपाय तिथेही चालला.

मिरीत नेट आल्यावर मी मामाला फोन केला. माळ्यावर पोते आहे का बघ. त्याला वाटले मला बियाणे हवे आहे. संध्याकाळी फोटो आला. उंदरांनी एका बाजूने कुरतडलेले, पण चकती शाबूत, त्यावर आजोने डांबराने काढलेली स्वतःची आद्याक्षरे. मी तो वाटाडीला पाठवला. दोन दिवसांनी, मी पुण्याला पोहोचल्यावर, तिचे उत्तर आले. आजोबांनी फोटो बोटाने मोठा करून चकतीची बाजू नीट पाहिली होती आणि विचारले होते, किती रिंगिट?

मी मामाला कळवले. मामाचे उत्तर एका ओळीत: "विकूक नाय म्हणान सांग त्येका. बियाणा हा त्यात."